गंजाचं पिंप

मूराबिन, मेलबर्न
१७ फेब्रुवारी २००३

प्रिय नोरीन वहिनी,

माझं पत्र म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. खरं आहे. फोनवर विचारणार होते, पण फोनवर तू गप्प झालीस की मला पुढचं सुचत नाही.

विस्तवाशिवाय वायूपासून वीज काढणारी आमची पेटी तुला माहीत आहे. आत चिनीमातीच्या पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांच्या एका अंगाने वायू जातो, दुसऱ्या अंगाने हवा, आणि चकत्या लालबुंद तापल्या की वीज सुटते. वायूच्या अंगाला जो थर असतो, त्याला आम्ही ॲनोड म्हणतो. सगळं जग तो निकेल घालून करतं. निकेल कामाला वाघ, पण पोटाने नाजूक. वायूत जरा गंधक आलं की मान टाकतं. आणि वायू मध्येच थांबून आत हवा शिरली, तर गंजतं, फुगतं आणि अख्खी चकती तडकवतं.

मी निकेल पार काढून टाकलंय. माझा थर सबंध मातीचाच आहे: स्ट्रॉन्शियम, टायटॅनियम आणि चिमूटभर लँथॅनम. भट्टीतून निघतो तेव्हा निळसर काळा असतो. वीज निकेलपेक्षा कमी देतो. पण माझं म्हणणं एवढंच, की तो मरत नाही.

बाटलीतला शुद्ध वायू पाजून हे सिद्ध करण्यात काय अर्थ? मला घाणेरडा वायू हवाय, गंधकाने भरलेला. वहिनी, मला तुझ्या डुकरांच्या मैल्याच्या तळ्यावरचा वायू हवाय. दादा ज्या वायूने गेला, त्याच वायूत मला माझी चकती जगवून दाखवायची आहे. हे मी हॅल्पिनला, म्हणजे माझ्या वरच्या माणसाला, सांगितलेलं नाही. त्याने वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. त्यानंतर मातीचं काम बंद आणि सगळे निकेलवर.

नको वाटलं तर सरळ नाही म्हण.

तुझी,
ब्रॉनविन


कोहुना
१ मार्च

ब्रॉनी,

डुकरांना विचारलं. त्यांची काही हरकत नाही.

शेजारच्या गस टोमासेली लोहारालाही विचारलं. तो म्हणाला, "आयवर गेल्यावर तळ्याला झाकण घातलंस, पाइप लावलास, आणि आता नुसता जाळतेयस तो वायू. चिमण्या शेकतात त्याच्यावर. त्यापेक्षा पोरीला दे." पोरगी! पंचेचाळिशीची झालीस, तरी गसच्या लेखी तू कुंपणावरून पडलेली पोरगीच आहेस.

तर आण तुझी पेटी. पंपाशेजारची पत्र्याची खोली रिकामी करून ठेवते. वीज फुकट जायला नको. पिल्लांच्या कोठडीत उबेचे दिवे आहेत, त्यातले काही तिच्यावर लावू. यंदा पाऊस नाही, कालव्याला पाणी नाही, सगळीकडे धूळ. दोन दिवे तरी फुकटात पेटू देत.

पेटीबरोबर तू स्वतः येणार ना? दफनाच्या दिवसानंतर इकडे फिरकली नाहीस. ख्रिसमसलाही नाहीस. मी काही म्हणत नाही. पलंगावर चादर घालून ठेवते, एवढंच.

नोरीन


मूराबिन
१६ एप्रिल

प्रिय वहिनी,

पेटी नीट बसली, असं आमच्या प्रयोगशाळेतल्या दोघा मुलांनी सांगितलं. तुझ्या हातचं डुकराचं मांस खाऊन दोघं वेडे झालेत, परत केव्हा पाठवता म्हणून विचारतात. मला येता आलं नाही. इथे एकामागून एक बैठका चालू आहेत, आणि मी नसले की माझ्या टेबलावरची उपकरणं कोणीतरी उचलून नेतं. शेजारी निकेलची पेटी लावून दोघींची तुलना करायची होती, तीही हॅल्पिनने लावू दिली नाही. खर्च वाढतो म्हणे.

तुझं काम अगदी थोडं आहे. किती वीज निघते त्याची रेघ कागदाच्या गुंडाळीवर पेन ओढत राहील. दर आठवड्याला गुंडाळी कापून मला पोस्टाने पाठव. आणि रोज सकाळी पाइपाच्या बुडाची तोटी उघडून साठलेलं पाणी काढ, नाहीतर पाणी चकत्यांवर जाईल. उघड्यावर उभी राहा, वारा पाठीशी घे. क्षणाचं काम आहे.

रेघ खाली घसरली की लगेच कळव. रात्रंदिवस त्या रेघेचाच विचार डोक्यात असतो. हल्ली बसून जेवत नाही, ओट्याशी उभ्यानेच खाते.

ब्रॉनविन


कोहुना
२५ मे

ब्रॉनी,

गुंडाळ्या सोबत आहेत. मला त्यातलं काही कळत नाही. कोणीतरी फूटपट्टी धरून पेन फिरवल्यासारखी रेघ आहे. सुरुवातीला थोडी खाली गेली होती, मग वर आली ती तशीच आहे. तुझे दिवे पिल्लांना आवडलेत. एका डुकरिणीने अकरा पिल्लं घातली, सगळी तुझ्या दिव्याखाली गठ्ठा करून झोपतात.

सकाळचं पाणी काढायचं काम आता सोपं करून घेतलंय, त्याची काळजी नको.

उभ्याने जेवू नकोस. घोडा आहेस का? माझंही तेच चालतं म्हणा. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. डुकरं आहेत म्हणून बरं, ती दिशा देतात.

नोरीन


मूराबिन
१९ जून

वहिनी, वहिनी,

रेघ घसरलेली नाही! सुरुवातीची ती घट झाली, आणि मग चकती सावरली. गंधक पचवलं तिने! इतक्या गंधकात निकेल पहिल्याच दिवशी आडवं झालं असतं. काल मी संचालकांसमोर सगळ्या गुंडाळ्या टेबलावर अंथरल्या. टेबल पुरेना, उरलेला कागद जमिनीवर सोडला. हॅल्पिन गुडघ्यांवर बसून बघत होता. मग उठून म्हणाला, "ब्रॉनविन, मी तुला वेड्यात काढत होतो."

मी म्हटलं, "अजूनही काढू शकता. पण पुढची मोठी पेटी मातीचीच होईल."

आणि होणार आहे! सप्टेंबरात एका परिषदेत मी हे मांडणार आहे. वहिनी, दादा असता तर म्हणाला असता, "आमच्या डुकरांचं नाव छापलंस की नाही?" छापणार आहे.

तुझी ब्रॉनी


कोहुना
६ जुलै

ब्रॉनी,

पत्र गसला वाचून दाखवलं. त्याने टोपी काढून टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "म्हणजे आपल्या पिंपाने काम केलं!"

तर आता सांगायला हरकत नाही, श्रेयात आमचाही वाटा आहे. तुझी मुलं पेटी लावून गेली, त्याच्या पुढच्याच आठवड्यात गसने मला एक पिंप जोडून दिलं. त्याच्या कारखान्यातला लोखंडाचा कीस, पावसापाण्यात चांगला गंजलेला, लाकडाच्या भुशात मिसळून भरलाय. वायू त्यातून गाळून मग तुझ्या पेटीत जातो. गंज गंधकाला धरून ठेवतो, हे म्हणे जुन्या गॅसवाल्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. तांबडा कीस काळा होत चाललाय. आणि तोटी उघडली तरी वास अजिबात नाही! पाइप सडू नयेत म्हणून केलं.

तुझ्या नाजूक बाळाला मी दूध गाळून पाजलं, असं समज.

इकडे सकाळी हिव पडतंय. येतेस का परिषदेच्या आधी?

नोरीन


मूराबिन
९ जुलै

नोरीन वहिनी,

हे काय करून बसलीस!

गाळलेल्या वायूत निकेलही जगलं असतं. कोणीही जगलं असतं. मी संचालकांसमोर जे सांगितलं ते सगळं खोटं ठरलं. सुरुवातीला जी घट झाली ती गंधकाची, आणि नंतर सावरली ती माझी चकती नव्हे, तुझं पिंप! एका शब्दाने विचारायचं होतंस. तुला काय सांगितलं होतं मी? रोज सकाळी एक तोटी उघडायची. एवढं साधं काम, तेही तुला सोसवलं नाही?

पिंप आजच्या आज काढ.

ब्रॉनविन


मूराबिन
२४ जुलै

वहिनी,

तुझं पत्र नाही. फोन केला तर गसने उचलला. "ती डुकरांकडे आहे," म्हणाला, दोन्ही वेळा. गुंडाळीही आली नाही. मी फार टाकून बोलले. लिहिलं आणि तसंच टपालपेटीत टाकलं, परत वाचलंसुद्धा नाही.

दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

ब्रॉनी


कोहुना
२ ऑगस्ट

ब्रॉनविन,

शिव्या द्यायच्या नाहीत. साधं काम का सोसवलं नाही, ते लिहिते. तू विचारलंस म्हणून.

त्या दिवशी तळ्याशेजारच्या खड्ड्यातला पंप तुंबला होता. आयवर म्हणाला, "चहा टाक, तोवर मी मोकळा करून येतो." असं तो शंभरदा उतरला असेल. मी चहा घेऊन गेले तेव्हा कुजक्या अंड्यांचा वास इतका होता की डोळे चुरचुरले. मग एकदम वास थांबला. साफ थांबला. मला वाटलं वारा फिरला, चला बरं झालं. मी काठावर उभी राहून हाक मारली, "आयवर, चहा निवतोय." उत्तर आलं नाही.

नंतर डॉक्टरने सांगितलं. तो वायू फार झाला की आधी नाकच मारतो. वास थांबला होता तो त्यामुळे. धोका टळला असं मला वाटलं, तेव्हा तो माझ्यापर्यंत पोहोचला होता. मी शिडीवर पाय ठेवला होता, तेवढ्यात गसने मागून कमरेला मिठी मारून ओढलं. मी त्याला चावले. अजून त्याच्या मनगटावर खूण आहे.

तुझी तोटी उघडली की रोज तोच वास यायचा. तो सोसला असता मी. पण तोटी बंद केली की वास थांबायचा ना, तेव्हा ते सोसायचं नाही. तिथेच मातीत बसायची मी. एकदा गसने बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पिंप घेऊन आला. पाइप सडायचं कारण मी तुला खोटं लिहिलं.

तू इकडे का येत नाहीस, तेही मला कळतं. तुझ्या मनात येत असणार, ही बाई काठावर चहा घेऊन उभी राहिली, खाली का उतरली नाही? आयवरची बहीण आहेस, येणारच मनात. मी दोष देत नाही.

पिंप मी काढणार नाही. तुला काढायचं तर येऊन काढ.

नोरीन


मूराबिन
८ ऑगस्ट

माझी वहिनी,

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येते. हे पत्र माझ्या आधी पोहोचावं म्हणून घाईत लिहिते. जे तोंडावर बोलता येणार नाही, ते इथेच.

तू खाली का उतरली नाहीस? हा प्रश्न माझ्या मनात कधी, एकदाही आला नाही. उतरली असतीस तर त्या दिवशी आम्ही दोन खड्डे खणले असते. मी येत नव्हते कारण मला ती जागा बघायची नव्हती. मी इथे बसून त्या वायूची आकडेमोड करते, त्यावर भाषणं देते, तो कागदावर असेतो मी त्याला घाबरत नाही. दोन मुलांच्या हाती पेटी पाठवली आणि तुला म्हटलं, रोज तिथे उभी राहा! मला कळायला हवं होतं.

आज सकाळी हॅल्पिनच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "आणखी कोणाला माहीत आहे?"

"गावातल्या एका लोहाराला आणि माझ्या वहिनीला."

"म्हणजे कोणालाच नाही."

"मला आहे," मी म्हटलं. "परिषदेतलं भाषण मी मागे घेतेय. संचालकांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

"तूच सांग," म्हणाला. सांगितलं. त्यांचे चेहरे मी तुला शनिवारी करून दाखवीन.

पिंप काढायचं की नाही, तेही शनिवारीच ठरवू. तू नको म्हणालीस तर नाही काढायचं.

ब्रॉनी


कोहुना
२१ सप्टेंबर

ब्रॉनी,

तू गेलीस आणि घर पुन्हा अगदी मोकळं झालं. पण वेगळं मोकळं. पलंगावरची चादर मी बदललेली नाही, तू परत येशील म्हणून. (आणि धुवायचा कंटाळा.)

गस सगळ्यांना सांगत सुटलाय, की दोघी बायका पिंपाच्या दोन बाजूंना धरून भांडत होत्या. "तू सोड," "नाही, तू सोड," आणि मग दोघी हसायला लागल्या, आणि मग दोघी रडायला. मी त्याला म्हटलं, रडलो ते वासाने. तो म्हणाला, हो तर.

तोटी रोज मीच उघडते. तू शिकवलंस तसा वारा पाठीशी घेऊन उभी राहते आणि बंद केल्यावर दहा पावलं चालून कॉफीच्या डब्यात नाक घालते. कॉफी वासाला आली की नाक जागेवर आहे, मी जागेवर आहे. अजून कधीकधी मातीत बसावंसं वाटतं, पण मी बसत नाही.

पिंप काढल्यावर रेघ घसरली, ते तू बघून गेलीसच. तुझा चेहरा मी विसरत नाही. आणखी घसरली, पार तिसरा हिस्सा गेला. मग थांबली. तिथेच आहे. दोन दिवे काढावे लागले, बाकीचे पेटतात.

पण आता वाईट बातमी. महिन्याच्या सुरुवातीलाच मोठं वादळ झालं. तळ्याचं झाकण एका कोपऱ्याला फाटलं, वायू सगळा उडून गेला. पेटीत हवा भरली आणि ती गार पडली. तू आधीच सांगितलं होतंस, असं झालं की चकती तडकते. मी तुला फोन करायला उचलला आणि ठेवून दिला. गसने झाकण शिवलं, वायू परत जमायला आठवडा गेला. मग तुझ्या मुलांनी भिंतीवर चिकटवलेल्या कागदाप्रमाणे मी ती हळूहळू तापवली. पेन हललं. आणि पूर्वी जिथे होतं तिथेच जाऊन थांबलं. कुठेतरी चूक झाली असेल माझी. तडकलेली चकती अशी चालते का? गुंडाळी पाठवते आहे. ओरडू नकोस.

नोरीन


मूराबिन
१२ ऑक्टोबर

वहिनी,

ओरडणार नाही. गुंडाळी बघून मी प्रयोगशाळेतल्या जिन्यात बसले आणि ती परत पहिल्यापासून बघितली. तुझी काहीही चूक नाही. तडकणारं निकेल असतं, आणि या पेटीत निकेल नाहीच! गार झाली, हवेत भिजली, परत तापली आणि होती तिथे आली. ही चकती गंधकाने दुबळी होते, हे आपण बघितलं. मी म्हणत होते तेवढी ती शूर नाही. पण मरत नाही. एवढं खरं होतं माझं.

हे घेऊन हॅल्पिनकडे गेले. त्याने पूर्ण ऐकलं, आणि म्हणाला, "तुझ्या वहिनीच्या पिंपाची किंमत किती?"

"काही नाही. गंज आहे."

"मग फुकटच्या गंजाने गंधक जात असेल, तर निकेल काय वाईट? वीज दीडपट मिळते."

"आणि वायू थांबला तर?"

"थांबणार नाही असं बघू."

"तळं शेतावर आहे. तिथे वादळं होतात."

तो हसला. माणूस वाईट नाही, वहिनी. त्याला विकायला काहीतरी हवंय, आणि माझ्याकडे फक्त टिकणारं आहे. कंपनी निकेलच घेणार, वायूच्या वाटेवर गंजाचं पिंप लावून. गसला सांग, त्याची युक्ती स्वीकारली गेली. मातीचा विभाग नाताळाआधी बंद होईल. पेटी न्यायला माणूस येईल, त्याला देऊन टाक, ती कंपनीची आहे.

मला निकेलच्या गटात जागा देऊ केलीय. रोज सकाळी हो म्हणायचं ठरवते आणि दुपारी फिरवते. बेंडिगोच्या कॉलेजात एक टेबल आणि एक जुनी भट्टी मिळण्यासारखी आहे, पगार निम्मा. तिथून तुझं घर जवळ. पण या वयात भट्टीपासून सुरुवात? झोप उडालीय. तू असतीस तर काय केलं असतंस, ते सांगू नकोस. सांग.

ब्रॉनी


कोहुना
२३ नोव्हेंबर

ब्रॉनी,

पेटी गेली. काल माणूस आला, बरा होता, केस नीट विंचरलेले. म्हणाला, "बाई, मला आधी वायू मोकळा करावा लागेल," आणि वारा जिकडे वाहत होता नेमकं तिकडेच उभं राहून तोटी उघडली. मी दंडाला धरून त्याला मागे ओढलं. "इथे उभं राहायचं नाही बाळा," म्हटलं. "वारा पाठीशी घे. आणि वास थांबला तर पळायचं, थांबायचं नाही." मग त्याला सगळं समजावलं: आयवर, खड्डा, नाक, सगळं. एका परक्या माणसाला, उभ्या उभ्या. आवाज कापला नाही माझा.

पेटी मी त्याला बंद करू दिली नाही, मीच केली. बंद करेपर्यंत रेघ सरळ होती. कागदावर तारीख घातली, मी सही केली, त्याची घेतली, गसचीही घेतली. गसने सहीखाली डुकराचं चित्र काढलंय, त्याकडे दुर्लक्ष कर. गुंडाळी सोबत आहे. कोणी विचारलं तर दाखव.

दिवे परत तारेच्या विजेवर लावले. पिल्लांना फरक कळला नाही. मला कळला.

मी काय केलं असतं विचारतेस. मी अठ्ठावन्न वर्षांची विधवा, एकटी डुकरं पाळते, लोक मला विचारतात तू विकून का टाकत नाहीस. मला कशाला विचारतेस? पण बेंडिगोची भट्टी जुनी असली तर गसला बोलाव, तो भट्ट्या दुरुस्त करतो. निम्म्या पगारात जेवणाचं होत नसेल तर शनिवारी इकडे यायचं आणि बसून जेवायचं.

नवीन चकती घडव. या खेपेला गंधकाला जरा तिखट उत्तर देणारी कर. आणि वायूची चिंता करू नकोस. डुकरं काही हगायची थांबत नाहीत.

तुझी,
नोरीन